हातचा

रोव्हानिएमीत जानेवारीत दुपारी तीनला अंधार पडतो,
म्हणून वर्षाचा ताळेबंद दिव्याखालीच जुळवायचा.
औलिक्की हिएताला, कामगार-सुरक्षा कार्यालयाच्या हिशेबनीस,
एकोणीस वर्षं त्याच खुर्चीत.
संगणकाने केलेली बेरीज पेन्सिलीने पुन्हा करून बघतात:
सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.
हातचा त्या खरोखर हातावर ठेवतात,
डावी तर्जनी मुडपून,
आईने मासळीच्या गाड्यावर शिकवलं तसा.

पगार. भाडं. बर्फ उपसणाऱ्याचं बिल.
धूळ मोजायचं यंत्र तपासणीला दरवर्षी जर्मनीला जाऊन येतं,
कार्यालयात त्याच्याइतकं कुणीच फिरलेलं नाही.
कानात घालायचे बोळे, नमुन्यादाखल, तीनशे जोड.
कॉफी, जिला अजून कुठल्याच सरकारने कात्री लावली नाही.
सात हजार पत्रकं, शिडीवर कसं चढावं याची.
ती वाचून किती जण पडले नाहीत
हे कुठल्या रकान्यात येतं,
असं एकदा नव्या पोराने विचारलं होतं.
त्याला त्यांनी डिंक आणायला पाठवलं.

मग प्रवास.
ऑक्टोबरात वरून पत्र आलं: वर्षअखेरपर्यंत तातडीचेच दौरे.
निरीक्षक ओस्मो रांताला यादी घेऊन आले, अकरा गावं.
सातवं पोसिओ. लाकूड गिरणी.
गोल करवतीवर झाकण बसवतो म्हणाला होता मालक जूनमध्ये,
बसवलं का ते बघून यायचं.
जाऊन-येऊन दोनशे चौसष्ट किलोमीटर, एक दिवसाचा भत्ता,
एकशे त्र्याण्णव युरो वीस सेंट.
"तातडीचं आहे का?" औलिक्कींनी विचारलं.
रांताला खिडकीबाहेर बघत म्हणाले,
"अजून काही झालेलं नाही."
अजून काही झालेलं नाही, म्हणजे तातडीचं नाही.
त्यांनी पट्टी ठेवून रेघ मारली.
रेघ सरळ आली. त्यांच्या रेघा सरळच येतात.

झाकण नव्हतं.
डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी वेसा कुर्तिला, वय चोवीस,
उजव्या हाताची दोन बोटं.
भरपाई विमा कंपनी देते, तो खर्च त्यांच्या वहीत.
आपल्या वहीत त्याची ओळसुद्धा नाही.
आपल्या वहीत प्रवासाखाली शिल्लक आहे,
सहा वर्षांत पहिल्यांदा,
आणि संचालकबाई दारातून डोकावून म्हणाल्या,
छान.

फाइलच्या तळाशी एक पाकीट उरलं होतं.
आत बसची दोन तिकिटं, पोसिओ ते रोव्हानिएमी आणि परत,
सेहेचाळीस युरो ऐंशी सेंट,
तारीख एकोणतीस डिसेंबर, म्हणजे गेल्याच वर्षात धरायचं.
जबाब द्यायला बोलावलेल्या माणसाचं भाडं कार्यालय देतं,
नियम आहे, आणि चांगला नियम आहे.
खाली सही. डाव्या हाताची.
पहिलं अक्षर तीनदा गिरवलेलं,
पुढची उताराला लागल्यासारखी कागदाबाहेर गेलेली.

आपण गेलो नाही,
तर तोच आला.

त्यांनी रक्कम प्रवासाखाली चढवली.
एकशे त्र्याण्णव वीस वजा सेहेचाळीस ऐंशी.
एकशे शेहेचाळीस युरो चाळीस सेंट.
बरोबर होतं. पेन्सिलीने पुन्हा केलं, तरी बरोबर होतं.
रकान्याची शेवटची बेरीज राहिली होती.
नऊ आणि सहा पंधरा,
पंधराचे पाच,
हातचा

त्या थांबल्या.
मुडपलेली तर्जनी तशीच टेबलावर,
दिव्याच्या उजेडात, नखाशी जराशी शाई.
बाहेर बर्फ उपसणारा आला होता, फावडं घासल्याचा आवाज येत होता.
बराच वेळ त्यांनी बोट सरळ केलं नाही.
मग केलं.
एक मिळवला, आणि खालच्या ओळीला लागल्या.